सुट्टीची तारीख आणि सुकतीची वेळ

कोकणच्या किनाऱ्याने मित्रांबरोबर पाच-सहा दिवस चालत जायचा बेत हल्ली बऱ्याच घरांत शिजतो, आणि घरच्यांचा पहिला प्रश्न समुद्राचा असतो. मला वाटतं, तो प्रश्न मित्रांबद्दल विचारायला हवा. समुद्र आपलं वेळापत्रक कुणापासून लपवत नाही. पंचांगात तिथी असते, मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता असतो, आणि दोन्ही नसलं तरी बंदरावर जाळं सांधत बसलेला कुणीतरी असतोच. गाडी अडते ती या वेळापत्रकाची आणि आपल्या टोळक्याच्या वागण्याची सांगड घालायची राहून जाते म्हणून. अनोळखी माणसांबरोबर आपण चौकशी करतो, अडून बसतो, सरळ नाही म्हणतो. मित्रांबरोबर भीड आडवी येते. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की किनारवाटेवरचे मुख्य निर्णय घरी बसून, स्पष्ट शब्दांत, निघण्यापूर्वी ठरलेले असावेत. ‘वाटेत बघू’ हे वाक्य डोंगरात बऱ्याचदा खपून जातं. किनाऱ्यावर ते का खपत नाही, हे समजण्यासाठी आधी ही वाट नीट पाहायला हवी.

मुळात रेवसपासून रेडीपर्यंत किंवा थेट तेरेखोलपर्यंत अशी आखलेली, खुणा केलेली पायवाट नाहीच. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला साउथ वेस्ट कोस्ट पाथ आहे. ६३० मैलांचा, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर, आणि वाटेत ओकच्या फळाचं चिन्ह असलेल्या पाट्या. इतकी व्यवस्था असूनही डेव्हनमधल्या अर्म नदीच्या मुखाशी ना पूल आहे ना होडी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी ते तासभर नंतर एवढ्याच वेळात पाण्यातून चालत पलीकडे जायचं, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा. आपल्याकडे अशा अर्म एकामागून एक येतात. रेवदंड्याला कुंडलिका, मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटण, देवबागला कर्ली. कुठे पूल आहे. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोटी आहेत. उरलेल्या ठिकाणी होडीवाला असला तर आहे. दोन खाड्यांच्या मधे आधी पुळण, मग समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, त्याच्या डोक्यावर जांभ्याचा उघडाबोडका सडा, आणि पलीकडे उतरलं की पुन्हा पुळण. नकाशावर तळाशील आणि सर्जेकोट शेजार-शेजारी दिसतात. प्रत्यक्षात तळाशील ही समुद्र आणि खाडी यांच्यात लांब गेलेली वाळूची जीभ आहे. टोकाला होडी मिळाली तर काही मिनिटांचं काम, नाही मिळाली तर आलेली सगळी वाळू उलट तुडवायची. देवबागच्या टोकाचीही हीच गत. समोर भोगवे दिसतं, हात केला तर पलीकडच्याला दिसेल असं वाटतं, आणि रस्त्याने जायचं तर भला मोठा फेरा.

आता वेळापत्रक. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. मुंबई-अलिबागकडची माणसं तिथीवरून तोंडी हिशेब करतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजेच सुकती. हा ठोकताळा आहे, दक्षिणेकडे गेलं की वेळ थोडी अलीकडे सरकते, पण बेत आखायला पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला हा फरक चार मीटरच्या आसपास जातो, सिंधुदुर्गात तो जवळपास निम्म्यावर येतो. उत्तरेला जन्म काढलेल्याला दक्षिणेची भरती सौम्य वाटते. मालवणकडून अलिबागला आलेल्याने मात्र जपून राहावं.

यातला सर्वात फसवा भाग पाणी चढण्याच्या वेगाचा आहे. सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण उंचीचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. चार मीटरच्या उधाणात पहिल्या तासाला जेमतेम फूटभर पाणी वाढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला तासागणिक मीटर. एखाद्या नाकाखालच्या खडकांवर डबा उघडून बसलेल्या मंडळींना पहिल्या तासात काहीच घडत नाही असं वाटतं. कुणीतरी ‘अजून वेळ आहे’ म्हणतो, आणि डोळ्यांसमोर दिसतंय त्यावरून त्याचं खरंच असतं. उठेपर्यंत दुसरा तास निम्मा गेलेला असतो. पुढचा खडक शेवाळलेला, त्यावर पायाला कापणारी कालवं, पाठीवर ओझं, आणि आता प्रत्येक मिनिटाला पाणी घोट्याच्या वर सरकतंय. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरीही गप्पांत वेळ विसरून माणसं तिथे अडकतात. तिथे निदान समोर गाव आहे.

मग निर्णय कोणते? पहिला तारखांचा. आपल्याकडे मित्रांच्या सहलीच्या तारखा रजेवरून ठरतात. सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला की झालं. ते दिवस कुठल्या तिथीला येतात हे कुणी बघत नाही. चतुर्थी ते अष्टमी या काळात ओहोटी सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान येते, म्हणजे उन्हं तापण्यापूर्वी ओल्या, घट्ट पुळणीवरून चालायला मिळतं. पौर्णिमेला निघालात तर ऐन दुपारी भरती, आणि चालायच्या वेळी पायाखाली कोरडी भुसभुशीत वाळू. त्याच माणसांचा वेग त्याच ओझ्यासकट निम्म्यावर येतो. उलट एखादी लहान खाडी पायी ओलांडायची असेल तर उधाणाची खोल सुकती उपयोगी, भांगाला तिथे पुरेसं पाणी उतरतच नाही. म्हणजे सगळ्या दृष्टीने चांगले दिवस एकत्र मिळत नाहीत, काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडायचं हे आधीच ठरवावं लागतं. शिवाय ‘रोज सातला निघायचं’ असा नेम इथे चालत नाही. रोज पन्नास मिनिटं धरली तर पहिल्या दिवसाची सुकती पाचव्या दिवसापर्यंत तीन तासांहून जास्त पुढे गेलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून इतर महिन्यांत जायचा विचारही करू नये, एवढंच ऋतूबद्दल सांगतो. मार्चनंतरचा सडा आणि पावसाळ्यातला समुद्र यांच्यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

दुसरा निर्णय कुणाच्या चालीने चालायचं याचा. डोंगरवाटेवर पुढचा माणूस झाडीत दिसेनासा झाला की मागचा हाक मारतो. पुळणीवर तसं होत नाही. गुहागरसारख्या लांबलचक किनाऱ्यावर पुढचा माणूस कितीही लांब गेला तरी ठिपक्याएवढा दिसत राहतो, आणि ‘दिसतोय ना’ या समाधानात टोळकं विस्कटत जातं. मग नाक येतं. पुढचे वळसा घालून जातात, मागच्यांना ते कुठून गेले, खालून की वरून, हे कळत नाही. खालून गेले तेव्हा सुकती होती. मागचा तिथे पोचतो तेव्हा तशी राहिलेली नसते. एकाच वाटेवर अर्ध्या तासाच्या अंतराने चालणारी दोन माणसं खरं तर दोन वेगळ्या वाटांवर असतात. उपाय साधा आणि मानाला झोंबणारा आहे. सर्वात हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं, आणि प्रत्येक नाकाच्या अलीकडे सगळे जमेपर्यंत कुणी वळायचं नाही.

मागे पडणाऱ्याची गोष्ट भिडेशी आणखी घट्ट जोडलेली आहे. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे दिवसभर एक पाय वर आणि एक खाली पडतो. संध्याकाळपर्यंत समुद्राकडचा गुडघा किंवा कंबर बोलायला लागते. ओल्या मोज्यात वाळू शिरली की टाचेला आधी नुसतं गरम लागतं. त्याच वेळी थांबून बूट काढला, पाय धुऊन कोरडा केला, चिकटपट्टी लावली तर दहा मिनिटांत काम होतं. पण दहा मिनिटं सगळ्यांना थांबवायचं कसं, म्हणून माणूस बोलत नाही. तासाभराने फोड येतो, दुसऱ्या दिवशी तो फुटतो, आणि मग मंडळींचे दोन-तीन तास जातात. ते नेमके त्या दिवशीच्या सुकतीचे असतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती वेळ मागायला लावते, आणि समुद्राकडे उसना वेळ मिळत नाही.

संख्येचा भरवसाही असाच. पुष्कळजण बरोबर आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, असं मनात कुठेतरी असतंच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, बरोबर मोठा घोळका होता, शिक्षकही होते. त्या मुलांचा किंवा कुणाचा दोष काढायचा हेतू नाही. पण घोळक्याने पाणी उथळ होत नाही, हे त्या दिवसाने पुरेसं दाखवलं. उलट पुढचा गेला म्हणून मागचा जातो, आणि प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी अंदाज घेतलेला असेल. खाडीच्या मुखाशी हे फार जपावं. ओहोटी लागलेली असते तेव्हा खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत असतं. पृष्ठभाग शांत दिसतो, पायाखालची वाळू मात्र सरकत असते. समोरचा काठ जवळ आहे, पाणी गुडघ्याएवढंच दिसतंय, तिघं हो म्हणतायत, चौथ्याला पोहता येत नाही, आणि हे सांगायला त्याला लाज वाटते. हा क्षण निर्णय घेण्यासाठी सर्वात वाईट. म्हणून घरीच ठरवून टाकावं, की होडी किंवा पूल नसेल आणि गावातली माणसं त्या वेळी तिथून चालत जाताना दिसत नसतील, तर खाडीत उतरायचं नाही. मत विचारायचंही नाही.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. मित्रांत पुढारी कशाला? चार दिवस ऑफिसपासून सुटका म्हणून जायचं आणि तिथेही साहेब नेमायचा? पण एकत्र चालण्याची आपली सर्वात मोठी परंपरा शिस्तीशिवाय उभी राहिलेली नाही. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात जी घडी घालून दिली, ती आजही चालते. दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथापुढे, काही रथामागे. विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले. मला त्यातली सर्वात शहाणपणाची वाटते ती समाजआरतीच्या वेळची रीत. मुक्कामाच्या तळावर चोपदार चोप उंचावतात, टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, आणि त्यानंतर आरती होते. तक्रार करणं हा भक्तीत खंड मानलेला नाही. तिला रोजची जागा दिलेली आहे. पाचजणांच्या टोळक्यालाही रोज संध्याकाळी अशी दहा मिनिटं परवडतात. कुणाचा पाय दुखतोय, कुणाला आजचा वेग झेपला नाही, कुणाला उद्याच्या सड्याची धास्ती वाटते. आणि पुढारी एकच ठेवायचीही गरज नाही. रोज एकाची पाळी लावा. त्या दिवशी त्याने ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, वाद रात्री घालायचा. ‘चला’ म्हणायचा अधिकार मात्र त्याला एकट्याला देऊ नये. चला म्हणायला सगळ्यांची संमती लागते, थांबायला एकाचीच पुरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोकण म्हणजे काही निर्जन प्रदेश नव्हे, दर थोड्या अंतरावर गाव आहे, माणसं आहेत, विचारता येतं. हे खरं आहे, आणि त्यामुळेच ही वाट नवख्यांनाही जमते. पण गावं वसली आहेत ती आडोशाला, खाडीच्या आत किंवा माडांच्या मागे. डोंगराच्या नाकावर आणि सड्यावर कुणी राहत नाही. आंब्याच्या बागेत राखणदार भेटला तरी तो पुष्कळदा बाहेरगावचा असतो, त्याला समुद्राचं फारसं ठाऊक नसतं. आणि गावकऱ्याला विचारणं ही एक कला आहे. ‘पलीकडे जाता येईल का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘जाल की.’ तो खोटं बोलत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तो स्वतः असतो, अनवाणी, रिकाम्या हातांनी, प्रत्येक खडक ओळखणारा. शिवाय पाहुण्याला नाही म्हणणं त्यालाही जड जातं, म्हणजे दोन्हीकडून भीड. त्यापेक्षा ‘सुकती कितीला?’, ‘तुमच्याकडच्या बायका कालवं काढायला कधी उतरतात आणि कधी वर येतात?’, ‘पावसात कुठली वाट धरता?’ असं विचारावं. बायका वर येण्याची वेळ कळली की त्या जागेवर तुम्ही कधी नसायला हवं ते कळलं. आणि उत्तर एकट्याने ऐकू नये. चौघांच्या वतीने एकाने विचारलं की तो परत येऊन आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतो.

मोबाइलचा आधार मी नाकारत नाही, पण त्यावर फार बोलण्यासारखं नाही. तक्त्यातली वेळ ठरावीक बंदरासाठी असते. खाडीच्या आत भरती उशिरा पोचते. कड्याखाली रेंज जाते. आणि मुळात पाचही जणांच्या खिशात तक्ता असूनही पाचही जण खडकावर बसून राहू शकतात.

राहिला आनंदाचा आक्षेप, की इतका हिशेब केल्यावर चालण्यात मजा काय उरणार. माझा अनुभवाचा कौल उलटा आहे. वेळ ठरलेली असली की मधला रिकामा वेळ खरोखर रिकामा होतो. सुकती बाराला आहे आणि नाक अकराला ओलांडलं, की पुढच्या पुळणीवर दुपारभर माडाखाली लोळायला कुणाची ना नसते. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघण्यासारखी असते, आणि भरतीलाच तिच्या तोंडाशी जाण्यासारखी नसते. ज्यांनी वेळ राखून ठेवलेला असतो ते लांब बसून निवांत बघतात. घाईत असलेला एक फोटो काढण्यासाठी कडेला जातो.

शेवटचा ठराव वाट सोडण्याचा. निघण्यापूर्वीच एकमेकांना मोकळं करून टाकावं, की ज्याला जमणार नाही त्याने कारण न देता गाडी धरावी, आणि बाकीच्यांनी त्याला थट्टेचा विषय करू नये. हिमालयात अशी सोय नसते. इथे जवळजवळ प्रत्येक मुक्कामाच्या गावातून एसटी निघते. ज्या मित्राला तारखा, पाळी, संध्याकाळची दहा मिनिटं हे सगळं अति वाटतं, त्याच्याशी भांडू नका. त्याला पुढच्या मुक्कामाच्या गावाचं नाव द्या, एसटीने यायला सांगा, आणि तुम्ही सुकतीच्या वेळेला निघा.